मास्क ऐच्छिक झाला. जयंतीच्या गर्दीत आपण काय करणार?

राज्य मंत्रिमंडळाने ३१ मार्च २०२२ रोजी निर्णय घेतला आणि २ एप्रिलपासून, म्हणजे गुढीपाडव्यापासून, महाराष्ट्रातील कोरोनाचे सर्व निर्बंध उठले. दोन वर्षांनंतर बाबासाहेबांची १३१ वी जयंती मिरवणुकीने, ढोल-ताशांच्या गजरात, निळ्या झेंड्यांनी साजरी होणार होती. मंडळांच्या बैठका सुरू होत्या, वर्गणीची पावतीपुस्तके बाहेर आली होती, परवानगीचे अर्ज पोलीस ठाण्यात गेले होते. हा आनंद आपल्या हक्काचा आहे आणि त्यावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही.

मात्र त्या निर्णयातला एक शब्द आपण घाईत वाचला आहे. मास्क बंद झाला नव्हता, तो ऐच्छिक झाला होता. दोन वर्षे सरकार ठरवत होते, आता ज्याने त्याने ठरवायचे होते. आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी ठरवूनही टाकलेले दिसले. लोकलच्या डब्यात ज्याच्या तोंडावर मास्क होता त्याच्याकडे बाकीचे वळून पाहत होते. कालपर्यंत मास्क नसलेला गुन्हेगार होता, आता मास्क असलेला भित्रा ठरू लागला. मधुमेहाची औषधे घेणारी आई किंवा डायलिसिसवर असलेला भाऊ घरी आहे, म्हणून एखादा मास्क लावत असेल, हे कुणाच्या मनातही येत नव्हते.

खरे तर मास्क २ एप्रिलला उतरला नाही. तो केव्हाच हनुवटीवर आला होता. मुंबईत क्लीन-अप मार्शल दिसला की नाकावर चढायचा, दोनशे रुपयांची पावती टळली की पुन्हा खाली. दंडाच्या भीतीने पाळलेली गोष्ट दंड गेल्यावर सुटते, यात नवल नाही. नवल वेगळ्याच गोष्टीचे आहे. मास्क कुणासमोर लावायचा आणि कुणासमोर काढायचा, याची एक रीत पडून गेली होती. बसमध्ये, बाजारात, रेशनच्या रांगेत लावायचा. हळदीत, लग्नाच्या मांडवात, ऑफिसात डबा खाताना, पाहुण्यांच्या घरी काढायचा. म्हणजे धोका परक्याकडून आहे, आपल्या माणसाकडून नाही, असा हिशेब होता. विषाणूचा हिशेब नेमका उलटा होता. ज्यांच्यासोबत आपण बंद खोलीत तासन्‌तास बसलो, जेवलो, हसलो, त्यांच्याकडूनच तो बहुतेक घरांत शिरला.

आणि या देशात 'आपला' कोण व 'परका' कोण हे कसे ठरते, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, ते परदेश सहलीवरून परतलेले होते. आजार विमानाने आला. पण सोसायटीच्या फाटकावर अडवली गेली ती धुणीभांडी करणारी बाई. कचरा उचलणारा, वॉचमन, डिलिव्हरी देणारा पोरगा, यांच्यासाठी लिफ्ट वेगळी झाली. परदेशाहून आलेल्या रहिवाशाला विलगीकरणात फळे आणि फोन, बाईला मात्र 'सध्या येऊ नकोस' आणि त्या महिन्याचा पगार बुडीत. ज्यांचे तोंड पाहून धोका ठरवला गेला, ते तोंड बहुधा आपल्याच वस्तीतले होते.

याच काळात 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द घरोघरी पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच त्याऐवजी 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती, कारण माणसांनी देहाने दूर राहायचे होते, समाज म्हणून तुटायचे नव्हते. आपल्याकडे मात्र 'सामाजिक अंतर' हेच शब्द सरकारी फलकांवर रंगले. ज्यांच्या आजी-आजोबांनी सामाजिक अंतर म्हणजे काय हे अंगावर सोसले, त्यांनी तो फलक वाचताना काय वाटून घ्यायचे? त्यापुढे जाऊन काही महाभागांनी मोबाइलवर संदेश फिरवले की पूर्वजांचे सोवळे शास्त्रीयच होते, आता जगाला पटले. यावर आपल्यातले अनेक तरुण चिडले आणि त्या चिडीत मास्क, अंतर, हात धुणे या साऱ्याकडेच 'त्यांचे सोवळे' म्हणून पाहू लागले. ही चीड समजण्यासारखी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. साथीतले अंतर दोन्ही बाजूंनी असते. मी तुझ्यापासून जपतो तसा तू माझ्यापासून जपतोस. ते काही दिवसांचे असते, त्याला तपासता येईल असे कारण असते, आणि कारण संपले की ते संपते. सोवळ्यात यातले काहीही नव्हते. ते एकाच बाजूने होते, जन्माने होते, आणि मरेपर्यंत संपत नव्हते. महाडच्या तळ्याचे पाणी जनावरांना खुले होते आणि माणसांना बंद, यात कुठले आरोग्यशास्त्र होते? सोवळ्याच्या समर्थकांना हे ठणकावून सांगितले पाहिजे. पण त्यांच्यावरच्या रागापायी मास्क फेकून दिला, तर नुकसान त्यांचे होत नाही.

नुकसान कुणाचे होते याचे आकडे आहेत. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे सापडली, इमारतींत राहणाऱ्यांमध्ये सुमारे १६ टक्के. वस्तीतले लोक बेफिकीर होते म्हणून हे झाले, असे म्हणणाऱ्याने दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांनी एकमेकांपासून सहा फूट कसे राहायचे आणि सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत अंतर कसे पाळायचे, ते दाखवावे. सावधगिरी हा स्वभावाचा प्रश्न असतो असे मानले जाते. बऱ्याचदा तो जागेचा आणि पगाराचा असतो.

प्रवासाचेही तेच. ७ मे २०२० रोजी 'वंदे भारत' मोहिमेतील पहिली विमाने परदेशातल्या भारतीयांना घेऊन उतरली. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. त्याच संध्याकाळी मध्य प्रदेशातले काही मजूर जालन्याहून रूळ धरून चालायला लागले. गाड्या बंद आहेत या समजुतीने ते करमाडजवळ रुळावरच झोपले आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळावर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचा फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यांना कुणी 'नियम मोडणारे' म्हणेल का? पण घरी जायला निघालेल्या मजुरांवर त्या दिवसांत ठिकठिकाणी काठ्या चालल्या, त्या नियमाच्याच नावाने.

मुंबईची लोकल घ्या. १५ जून २०२० पासून ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, ऑक्टोबरात महिलांना ठरावीक वेळेत मुभा मिळाली, सर्वांना १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही वेळेच्या बंधनात. एप्रिलमध्ये पुन्हा बंद. १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि त्यानंतर १४ दिवस, अशी अट. बदलापूर-टिटवाळ्याहून कामाला येणाऱ्या माणसाने या काळात काय केले? तो एसटी आणि बेस्टच्या बसमध्ये खचाखच उभा राहून तीन-तीन तास आला. लोकलमधली गर्दी धोक्याची आणि बसमधली बिनधोक, हे त्याला कसे पटावे? न पटणारे नियम लोक पाळल्यासारखे करतात, पाळत नाहीत. बनावट ओळखपत्रे घेऊन फिरणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, पण लोकांच्या मनातून नियमाचा मान गेला तो इथे.

आता आपल्या जयंतीकडे येऊ. १४ एप्रिल २०२० रोजी सकाळी पंतप्रधानांनी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवली आणि दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी उसळली. त्या दिवशी आपल्या वस्त्या शांत होत्या. घरात प्रतिमेला वंदन, त्रिसरण-पंचशील, दारात मेणबत्ती, कुठे दिवसभर वाचन. त्याच वर्षी दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका असे आवाहन झाले आणि विदर्भ-मराठवाड्यातून दरवर्षी येणारा जनसागर घरी थांबला, थेट प्रक्षेपण पाहून त्याने अभिवादन केले. १ जानेवारीला भीमा कोरेगावलाही तेच. ज्या लोकांना दर डिसेंबरला 'फुकटे प्रवासी' म्हणून हिणवले जाते, दादरच्या अस्वच्छतेचे खापर ज्यांच्या माथी फोडले जाते, त्यांनी कुणाच्या काठीशिवाय हे केले. याची बातमी किती ठिकाणी झाली?

पुढच्या वर्षीचा १४ एप्रिल आठवा. २०२१ सालच्या त्या दिवशी रात्री आठपासून महाराष्ट्रात कडक निर्बंध लागू झाले, जयंती पुन्हा घरातच. त्याच दिवशी हरिद्वारला कुंभमेळ्यात शाही स्नान चालू होते. पश्चिम बंगालमध्ये आठ टप्प्यांची निवडणूक आणि तिच्या सभा चालू होत्या. इथे आपल्या राज्यातही पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीचा प्रचार रंगात होता. कुंभ आता प्रतीकात्मक ठेवा असे आवाहन पंतप्रधानांनी केले ते १७ एप्रिलला. एक वर्षापूर्वी तबलिगी जमातीच्या मेळाव्यावरून एका अख्ख्या समाजाला रोगाचे वाहक ठरवणाऱ्या वाहिन्या या वेळी भक्तीचे वर्णन करत होत्या. त्या तबलिगी प्रकरणात परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्येच रद्द केले होते आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे सुनावले होते. तेही किती जणांपर्यंत पोहोचले?

हे लिहिताना वारकऱ्यांना वगळणे अन्यायाचे होईल. पायी वारी दोन वर्षे थांबली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. कष्टकरी भाविक कुठलाही असो, त्याने ऐकले. ऐकले नाही ते ज्यांना ऐकण्याची गरज पडत नाही त्यांनी.

म्हणून आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणत होते, की आम्ही दोन वर्षे शहाण्यासारखे वागलो, कुणी कौतुक केले नाही, आता आम्हाला सावधगिरीचे धडे देऊ नका. या म्हणण्यात दम आहे. पण आपण घरी थांबलो ते कौतुकासाठी होते का? मग कशासाठी होते, याचे उत्तर आपल्या परंपरेत फार स्पष्ट आहे. मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लावला तो १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधला. त्याच वर्षी पुण्यात रँडची पथके घरात घुसून झडत्या घेत होती आणि चिडलेल्या लोकांनी त्याचा खून केला. प्लेगकडे पाहण्याच्या या दोन वृत्ती शाळेच्या पुस्तकात येतात: वरून आलेली सक्ती आणि तिच्याविरुद्धचा संताप. तिसरी वृत्ती त्याच पुण्यात होती. सावित्रीमाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी गावाबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला माईंनी पाठीवर आणले असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. दवाखाना गावाबाहेर होता, हे लक्षात घ्या. म्हणजे अंतर त्यांनीही पाळले, पण रुग्णाला टाकले नाही.

विनयपिटकातला प्रसंग याच जातीचा आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले आणि मग संघाला विचारले, इथे तुम्हाला आई-बाप नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील? बाबासाहेबांनीही धम्माची मांडणी करताना तो सामाजिक आहे असेच सांगितले. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की गरज सुरू होते. मास्कचे तरी दुसरे काय आहे?

तेव्हा मंडळांपुढे आमचे म्हणणे साधे आहे. मिरवणूक जोरात निघू द्या. उघड्यावर धोका कमी असतो, बंद सभागृहात जास्त. म्हणून व्याख्यान, गीतांचा कार्यक्रम, भोजनदान शक्यतो मैदानात घ्या. विहारात घ्यायचेच तर खिडक्या-दारे सताड उघडी ठेवा. परित्राण पाठाने मन शांत होते, पण शंभर जण कोंदट खोलीत बसले तर विषाणूही शांत बसत नाही. ताप-खोकला असलेल्या कार्यकर्त्याला 'आजच्या दिवशी घरी राहतोस?' म्हणून टोमणा मारू नका, त्याचे काम दुसऱ्याने उचला. कुणी मास्क लावून आले तर हसू नका. गावाहून रात्रभर गच्च डब्यातून किंवा टेम्पोतून येणाऱ्यांसाठी आयोजकांनी चार मास्क जवळ ठेवले तर खर्च एका हाराहून कमी आहे.

जयंतीच्या मंडपात एक टेबल आणखी हवे होते. १२ ते १४ वर्षांच्या मुलांचे लसीकरण १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले होते, साठीच्या पुढच्या सर्वांना तिसरा डोस मिळत होता, आणि वस्तीतल्या किती जणांना हे ठाऊक होते ते विचारून पाहा. राज्यात या साथीने सरकारी नोंदीनुसार १ लाख ४७ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ रोजी आदेश देऊन, त्या वर्षीच्या २० मार्चपूर्वीच्या मृत्यूंसाठी अर्जाला ६० दिवसांची मुदत घातली होती. अर्ज ऑनलाइन होता आणि अनेक विधवा भगिनींकडे स्मार्टफोन नव्हता. लॅपटॉप असलेली दोन मुले त्या टेबलावर दिवसभर बसली असती तरी पुष्कळ घरांचे काम झाले असते.

आणि गल्लीच्या तोंडाशी, मिरवणूक जिथून वळते तिथे, मोकळ्या जागेत दहा-बारा खुर्च्या मांडा. दोन वर्षे दारातूनच प्रतिमेला हात जोडणाऱ्या आज्यांना रथ जवळून पाहायचा आहे, आणि त्यांना रेटारेटीत उभे करायचे नाही.