यूपीआयमधलं 'पैसे मागा' बटण बंद: फार कुणी वापरत नव्हतं, मग ते काढावं का लागलं?

खांदा कॉलनीतल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. महिन्याच्या सुरुवातीला मेंटेनन्सची आठवण, मग गणपतीची वर्गणी, मग कुणाचा तरी जुना सोफा विकायचा मेसेज. यातले बहुतेक पैसे आता यूपीआयवरूनच फिरतात. कुणी क्यूआर स्कॅन करतं, कुणी मोबाइल नंबर टाकून पाठवतं.

याच ॲपमध्ये आणखी एक सोय होती. समोरच्याकडे पैसे मागायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद झाली. अनेकांना ती बंद झाल्याचं कळलंही नाही, कारण ती होती हेच त्यांना माहीत नव्हतं.

मग फारशी न वापरली जाणारी गोष्ट मुद्दाम काढायची वेळ का आली? आणि ती गेल्यामुळे तुमचे पैसे जास्त सुरक्षित झाले का?

नेमकं काय बंद झालं?

यूपीआयमध्ये पैसे दोन प्रकारे हलतात. पहिल्या प्रकारात देणारा स्वतः सुरुवात करतो. तो क्यूआर स्कॅन करतो, रक्कम टाकतो, पिन टाकतो. दुसऱ्या प्रकारात सुरुवात घेणारा करतो. तो समोरच्याचा यूपीआय आयडी आणि रक्कम टाकून रिक्वेस्ट पाठवतो. समोरच्याच्या मोबाइलवर सूचना येते. त्याने मंजुरी देऊन पिन टाकला की पैसे त्याच्या खात्यातून जातात. या दुसऱ्या प्रकाराला 'कलेक्ट रिक्वेस्ट' म्हणतात.

एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआय सुरू झालं, तेव्हापासून ही सोय त्यात होती. कल्पना चांगली होती. हॉटेलचं बिल एकाने भरायचं आणि बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागून घ्यायचा. उसने दिलेले पैसे तोंडाने मागायला संकोच वाटतो, तिथे मोबाइलवरून मागायचे.

यूपीआय चालवणाऱ्या 'एनपीसीआय' अर्थात भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने २९ जुलै २०२५ रोजी परिपत्रक काढलं. दोन व्यक्तींमधल्या अशा रिक्वेस्ट १ ऑक्टोबरपासून कोणत्याही बँकेने किंवा ॲपने स्वीकारू नयेत, असं त्यात सांगितलं होतं. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या रिक्वेस्टना या परिपत्रकाने हात लावलेला नाही. म्हणजे ऑनलाइन खरेदी करताना तुम्ही आयडी टाकायचा आणि मग पैसे मंजूर करायची सूचना यायची, ती वेगळी.

सोफा विकायला काढला आणि पैसे गेले, ते कसे?

या सोयीचा सर्वाधिक फायदा ठगांनी उचलला. त्यांची पद्धत जवळपास ठरलेली असायची.

जुन्या वस्तूंच्या साइटवर कुणी सोफा विकायला टाकतो. थोड्याच वेळात फोन येतो. "बदली होऊन पनवेलला आलोय, घर लावायचंय, सोफा लगेच हवाय." पलीकडचा माणूस बऱ्याचदा आपण लष्करात असल्याचं सांगतो. भावात घासाघीस करत नाही. "ॲडव्हान्स आत्ताच पाठवतो," म्हणतो आणि रिक्वेस्ट पाठवतो. "नोटिफिकेशन आलं ना? ओके करा, पिन टाका, पैसे जमा होतील."

विकणाऱ्याच्या डोक्यात एकच असतं, की आपल्याला पैसे येणार आहेत. तो पिन टाकतो आणि पैसे जातात.

यावर उपाय झाले नव्हते असं नाही. व्यक्तींमधल्या रिक्वेस्टवर एका वेळी २,००० रुपयांची मर्यादा होती. त्यामुळे एका फटक्यातलं नुकसान कमी झालं, पण ठगाला एकामागून एक रिक्वेस्ट पाठवता येत होत्या. 'तुमच्या खात्यातून पैसे जातील' असा इशाराही ॲप दाखवत होते. पण कानाला फोन लावलेला असतो, समोरचा घाई करत असतो. अशा वेळी स्क्रीनवरची ओळ कोण वाचतं?

बँक पैसे परत देत नाही का?

इथे प्रकरण जास्त गंभीर होतं. या फसवणुकीत कुणी तुमचं खातं हॅक केलेलं नसतं. पिन तुम्हीच टाकलेला असतो. यंत्रणेच्या दृष्टीने तो खातेदाराने मंजूर केलेला व्यवहार असतो आणि यूपीआयमध्ये पैसे काही सेकंदांत पलीकडच्या खात्यात पोहोचलेले असतात.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्यालाच सोसावं लागतं. म्हणजे ज्याची दिशाभूल झाली, त्याच्याच माथी निष्काळजीपणाचा शिक्का बसण्याची शक्यता असते.

मग तोटा कुणाचा झाला?

ही सोय प्रामाणिकपणे वापरणारेही होते. चाळीस फ्लॅटकडून मेंटेनन्स गोळा करणारे सेक्रेटरी, घरगुती डबे देणाऱ्या ताई, शिकायला बाहेरगावी गेलेला आणि वडिलांकडे महिन्याचे पैसे मागणारा मुलगा.

त्यांच्यासाठी रस्ता बंद झालेला नाही, थोडा लांब झाला आहे. रक्कम भरलेला क्यूआर ग्रुपवर टाकता येतो, यूपीआय आयडी पाठवता येतो, नाहीतर सरळ फोन करता येतो. फरक एवढाच, की आता सुरुवात देणाऱ्याला करावी लागते. स्कॅन करून 'पे' दाबणाऱ्याला आपण पैसे देतोय हे कळत असतं. रिक्वेस्ट मंजूर करताना नेमका तिथेच गोंधळ व्हायचा.

कमी वापर म्हणजे काढून टाका, असं आहे का?

असं नाही. २०१३ मध्ये गूगलने वापर घटल्याचं कारण देत 'गूगल रीडर' बंद केलं. त्याने कुणाचं नुकसान होत नव्हतं आणि ते वापरणारे रोज वापरत होते. त्यामुळे नाराजी मोठी होती.

यूपीआयच्याच घरातलं उदाहरण *९९# चं आहे. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरून हा क्रमांक डायल करून पैसे पाठवता येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्या तुलनेत *९९# चा वापर नगण्य आहे. पण तो वापरणाऱ्याकडे दुसरा मार्ग नसतो. खांदेश्वर स्टेशनवर बहुतेकांकडे पास किंवा मोबाइल तिकीट असलं, तरी तिकीट खिडकी लागतेच, तसंच हे.

म्हणून किती जण वापरतात एवढाच हिशेब पुरत नाही. आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. वापरणाऱ्यांना दुसरा पर्याय आहे का? आणि ती सोय ठेवल्याने जे ती वापरतही नाहीत, त्यांना धोका आहे का? कलेक्ट रिक्वेस्टबाबत दोन्हींचं उत्तर 'हो' होतं. ज्याने आयुष्यात कधी कुणाकडे रिक्वेस्ट पाठवली नाही, त्यालाही ठग ती पाठवू शकत होता.

आता फसवणूक थांबेल का?

एक दार बंद झालं आहे, सगळी नाहीत. 'पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारे आहेत. ऑटोपेची मंजुरी मागणारे आहेत. स्क्रीन शेअर करायला लावणारेही आहेत. व्यापारी असल्याचं भासवून रिक्वेस्ट पाठवण्याचा धोकाही उरतोच.

त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ही बातमी सांगताना 'आता ते बंद झालंय, काळजी नको' एवढंच सांगून थांबू नका. या गोष्टीही सांगा:

- पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार आहेत.
- पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.
- फोनवरचा माणूस घाई करत असेल, तर आधी फोन ठेवा, मग स्क्रीन वाचा.
- पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.