संक्रमणकाळाची तगाई

मुलुंडच्या कचराभूमीवर कचरा टाकणे 2018 साली बंद झाले तेव्हा मुंबईच्या पूर्व उपनगरातील रहिवाशांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो सर्वथा रास्त होता. परंतु अर्धशतक साचत गेलेल्या त्या डोंगरात आपल्याच स्वयंपाकघरांतील मेथीचे देठ, केळीच्या साली आणि शिळे अन्न किती होते, आणि ज्या जमिनीने ते पिकवले तिच्याकडे त्यांतले कितीसे परत गेले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. घाटकोपर-अंधेरीच्या मंडईत पहाटे उतरणारी भाजी नाशिक-जुन्नरच्या मातीचा कस घेऊन येते. त्या मातीचे देणे आपण लागतो.

मातीचा कस राखणाऱ्या सेंद्रिय शेतीच्या बाबतीत सरकार स्वस्थ बसले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2015 सालची परंपरागत कृषी विकास योजना, विदर्भातील सहा जिल्ह्यांत आरंभ होऊन पुढे राज्यभर विस्तारलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे सेंद्रिय शेतीचे मिशन, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले 2,481 कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान, ही सर्व पावले स्वागतार्हच आहेत. मात्र केंद्राच्याच खजिन्यातून रासायनिक खतांच्या अनुदानापोटी दरसाल दीड लाख कोटींहून अधिक रक्कम खर्ची पडते. आणि 45 किलो युरियाची गोणी, कर वगळता, 242 रुपयांत हाती पडत असताना शेणखत, जीवामृत आणि हिरवळीच्या खताची मेहनत अंगावर घेण्यास अल्पभूधारकाने कोणत्या हिशेबाने धजावे?

खरी अडचण आहे ती संक्रमणकाळाची. रसायने सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे उतारा बहुधा घटतो, सेंद्रिय मालाचे प्रमाणपत्र हाती नसल्याने मालाला वाढीव भावही मिळत नाही, आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी दारात उभा राहतो. एका फर्मानाने रसायने बंद करण्याचा मार्ग श्रीलंकेने 2021 साली अवलंबिला आणि काही महिन्यांतच त्या देशाला माघार घ्यावी लागली. तो मार्ग आम्हांस नको. दुष्काळात रयतेला तगाई, म्हणजे सरकारी उचल, देण्याची जुनी वहिवाट या राज्याच्या दप्तरात आहे. तिच्याच धर्तीवर, घटलेल्या उताऱ्याची भरपाई प्रमाणपत्र मिळेपर्यंत दर हंगामात थेट शेतकऱ्याच्या खात्यावर जमा व्हावी, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

यात उपनगरांचाही वाटा आहे. बोरिवली-मुलुंडच्या कित्येक गृहसंकुलांत ओल्या कचऱ्याचे काळे, भुसभुशीत खत तयार होते. ते कुंड्यांना आणि बागेला पुरून उरते, आणि उरलेल्या गोण्या जिन्याखाली पडून राहतात. शहरी कंपोस्टाच्या विक्रीस टनामागे 1,500 रुपये साहाय्य देण्याचे धोरण केंद्राने 2016 सालीच आखले होते. महापालिकेने प्रभागवार हे खत गोळा करावे, त्यात काच वा जड धातू नाहीत याची प्रयोगशाळेतून खातरजमा करून घ्यावी, आणि कृषी खात्याने ते ठाणे-पालघरच्या शेतकरी गटांपर्यंत स्वखर्चाने पोहोचवावे. या खर्चाची स्वतंत्र तरतूद राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात झालीच पाहिजे. आणि ओला कचरा निर्भेळ ठेवण्याचे काम वाचकांनी आजच हाती घ्यावे.