गणित घरातले : 'आणि', 'किंवा' आणि सहरीची वेळ

नववीच्या गणितात पहिलाच धडा संचांचा. संयोग, छेद ही नावे ऐकून मुले बिचकतात. पण हेच गणित आपल्या घरात रमजानच्या वेळापत्रकात लटकलेले असते. वही घ्या आणि मुलांसोबत करून पाहा.

एक आडवी रेघ ओढा. तिच्यावर 0 ते 24 खुणा करा, हे दिवसाचे तास. समजा सहरी पहाटे 5 ला संपते आणि इफ्तार संध्याकाळी 7 ला, म्हणजे 19 ला. खाण्याची मुभा कधी? 0 ते 5 किंवा 19 ते 24. दोन्ही पट्टे रंगवा. मध्ये मोकळी जागा असली तरी 'किंवा'ने जोडलेले हे दोन पट्टे मिळून एकच संयोग. 5 वर पोकळ गोल काढा, कारण ती वेळ होताच हात थांबतो. 19 वर भरीव गोल, कारण त्या क्षणापासून मुभा आहे.

आता खाली दुसरी रेघ. समजा दादीची मधुमेहाची एक गोळी सकाळी 7 ते 9 मध्ये आणि दुसरी 19 ते 21 मध्ये आहे. हे पट्टेही रंगवा. गोळी घ्यायला वेळ औषधाची हवी आणि मुभेचीही. दोन्ही रेघांवर रंग असलेला भाग म्हणजे छेद. तो निघतो फक्त 19 ते 21. सकाळची गोळी बुडाली!

रोजा सुटू नये म्हणून वडीलधारी माणसे अशी गोळी कुणाला न सांगता बंद करतात. धोका इथेच आहे. गोळी पहाटे 4 ला सरकवली तर रेघेवर बसते, पण शरीराला चालेल का, हे डॉक्टरच सांगतील. म्हणून रमजानपूर्वीच हा कागद घेऊन त्यांना भेटा. त्यांनी रोजा नको म्हटले, तर मन खट्टू करू नका. सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी माणसाला इतर दिवशी रोजे पूर्ण करण्याची सवलत आहे. आजार कायमचा असेल तर फिदियाविषयी आलिमांना विचारा.

मुलांनो, तुमच्यासाठी प्रश्न : रोजाची वेळ तिसऱ्या रेघेवर काढा. 5 आणि 19 वर कोणते गोल येतील? पहिल्या रेघेशी तिचा संयोग आणि छेद काय?

उत्तर : 5 वर भरीव, 19 वर पोकळ. संयोग म्हणजे पूर्ण दिवस, छेद रिकामा.