शेजारच्या घरचं पथ्य

वाळवणाचे दिवस आले की आम्हां बायकांची दुपार गच्चीवर. आमच्या खामगावला त्या दिवसांत पारा ४३-४४ च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. कुरडया घालता घालता गेल्या उन्हाळ्यात समोरच्या घरात नजर गेली, तर वहिनी यजमानांना भांड्याने मोजून पाणी देत होत्या. दिवसाला एक लिटर, वर घोटभरही नाही!

मी विचारलं, तर म्हणाल्या, "मले उगीच टोकू नका वो ताई. मागच्या गल्लीतल्या काकांले डॉक्टरनं कागद लिहून देला, तसंच करतो मी."

दोघांनाही मूत्रपिंडाचाच विकार, मग पथ्यही एकच, असा वहिनींचा हिशेब. पण काकांचं डायलिसिस चालू आहे. त्यांना लघवी जवळजवळ होतच नाही, म्हणून प्यायलेलं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, धाप लागते. त्यांना पाणी मोजूनच हवं. यजमानांचा विकार अजून पहिल्या पायऱ्यांवर, लघवी व्यवस्थित. अशा माणसाला भर उन्हाळ्यात तहानलेलं ठेवलं, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं आणि आहे तेही बिघडतं. झालंही तसंच. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कागदाची गोष्ट बाहेर आली.

त्या कागदात रोज दोन अंडी आणि डाळ भरपूर असंही होतं. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, म्हणून काकांना ती जास्त. डायलिसिस नसलेल्याला डॉक्टर बहुधा प्रथिनं बेतानं घ्यायला सांगतात. म्हणजे कागद उलटाच लागू झाला!

आमचं गाव चांदीसाठी नावाजलेलं. सराफाकडे दोन पैंजण सारखे दिसले म्हणून कोणी एका वजनात दोन्ही विकत नाही. प्रत्येक नग वेगळा तोलतात. रिपोर्टचंही तसंच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. त्यामुळे १.३ हा आकडा धिप्पाड शेतकऱ्याला ठीक असेल, पण ४० किलोच्या आजीबाईला तोच आकडा धोक्याचा असू शकतो. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष हा भेद धरून काढलेला 'ईजीएफआर' बघायचा. तो ३ महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर विकार जुनाट समजतात. जोडीला लघवीतून प्रथिनं जातात का, हेही तपासतात. या दोन्हींवर औषधाची मात्रा ठरते. मधुमेहाच्या काही गोळ्याही त्या हिशेबाने कमी करतात किंवा बंद करतात.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट मुद्दाम सांगते. 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बरेचदा पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड दुबळं असलेल्याच्या रक्तात पोटॅशियम साठलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना न विचारता ते घरात आणू नका. सैंधव मीठही शेवटी मीठच. आणि आपली ही वाळवणं! पापडखार नि मीठ घातलेला पापड रोज पानात नको, कितीही जीव लावून लाटला असला तरी. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तर नकोच नको.

आपल्या बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या गावांतून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. लोक खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतात, आणि त्या पाण्याबद्दलची तक्रार रास्तच आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. तुरटीनेही जात नाहीत. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं भारतीय मानक सांगतं. पण सगळा दोष पाण्यावर टाकून मधुमेह आणि रक्तदाबाकडे काणाडोळा करू नका. मूत्रपिंड निकामी होण्याची ती दोन मोठी कारणं आहेत, आणि गोड्या पाण्याच्या गावातही आहेत.

मग शेजारणीने काय करायचं? सल्ला देऊ नये, सोबत द्यावी. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चार-चार तास. त्या दिवशी त्या घरची मुलं शाळेतून आपल्याकडे येऊ द्यावीत. फिस्टुला केलेल्या हाताने कळशी उचलायची नाही, त्या हातात घट्ट बांगडी नको, त्या हाताचा रक्तदाबही मोजायचा नाही. हे घरात सर्वांना ठाऊक हवं. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसची सोय आहे. योजनेतल्या रुग्णालयात शिधापत्रिका घेऊन आरोग्यमित्राला भेटावं.

यजमानांचं क्रिएटिनिन पाणी वाढवल्यावर उतरलं. त्यांच्या नावाचा वेगळा कागद आता फडताळाच्या दाराला डकवलेला आहे. पण त्यांना घेऊन दवाखान्यात गेलेल्या वहिनींचाच रक्तदाब नर्सबाईंनी सहज मोजला, तर निघाला १६० वर १००! लघवी तपासायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मग लग्नसराई, मग दिवाळी. "मले काय धाड भरली," असं म्हणतात. येत्या सोमवारी सकाळी मी त्यांच्या दारात रिक्षा घेऊन उभी राहणार आहे.