कापरेकर मास्तर आपल्या मुलांना कधी भेटणार?

ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या वर्गांत हातच्याची वजाबाकी येणारी मुले ३३.७ टक्के आहेत आणि पाचवीत भागाकार जमणारी ३०.७ टक्के. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालातले हे आकडे आहेत. २०२२ मध्ये ते याहून खाली होते, त्यामुळे सुधारणा झाली म्हणून समाधान मानणारेही निघाले. आम्हाला ते समाधान मानवत नाही. तिसरीतल्या तीन मुलांपैकी दोन वजाबाकीपाशीच अडलेली असतील, तर पुढचे अपूर्णांक, बीजगणित आणि भूमिती त्यांच्या डोक्यावरून जाणार हे ठरलेलेच आहे. त्याच २०२४ साली आपल्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात एक कल्पना आली. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर मुलांना पुढे जाऊ द्यावे, मात्र त्यांना यापुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा, अशी ती कल्पना. नापासाचा शिक्का पुसण्याची इच्छा आम्ही समजू शकतो. पण गणिताचे दार मुलासाठी दहावीत बंद होत नाही, ते पहिली-दुसरीतच लोटले जाते. आराखडा त्याला फक्त कडी घालतो.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी पहिली-दुसरीतली मुले तपासली, तेव्हा एवढ्या लहान वयातही गणिताची धास्ती स्पष्ट दिसली. सुझन पिकर आणि जॉन बेरी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच देशांतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना गणितज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. मुलांनी केस पिंजारलेली, विक्षिप्त माणसे काढली. काही चित्रांत तर हा माणूस मुलांना धाक दाखवणारा होता. आपल्याकडच्या मुलांना हाच कागद दिला तर काय निघेल? छडी घेतलेले मास्तर निघतील, किंवा कागद कोराच राहील. कारण सहा-सात वर्षांच्या मराठी मुलाने शिवाजी महाराज चित्रांत पाहिलेले असतात, झाशीची राणी पाहिलेली असते, पण गणित करणारा माणूस त्याने कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्यापुढे येतात ते थेट पाढे, आणि पाढ्यांमागून परीक्षा.

जगात इतरत्र या पोकळीकडे लेखक-चित्रकारांनी गांभीर्याने पाहिले आहे. पॉल एर्डिश या हंगेरियन गणितज्ञावर डेबोरा हाइलिगमन यांनी लिहिलेले चित्रमय चरित्र २०१३ साली आले. चार वर्षांचा पॉल भेटेल त्याला जन्मतारीख विचारतो आणि तो माणूस किती सेकंद जगला हे मनातल्या मनात काढून सांगतो, हे त्यात चित्रांसह दिसते. मोठा झाल्यावरही त्याला स्वतःच्या पावाला लोणी लावता येत नव्हते, हेही दिसते. सोफी जर्मेन या फ्रेंच मुलीचे चरित्र २०१८ चे. रात्री गणित वाचत बसते म्हणून आईबापांनी तिच्या मेणबत्त्या आणि उबेचे कपडे काढून घेतले, तरी ती थांबली नाही. पाच वर्षांच्या मुलीला यातली समीकरणे कळायची गरजच नाही. आपल्यासारख्याच एका मुलीला या गोष्टीची इतकी ओढ होती, एवढे तिच्या मनात रुजले तरी पुरे. आपल्या रामानुजनवरचे एमी अल्झनाउअर यांचे देखणे चित्रपुस्तक २०२० साली आले, तेही अमेरिकेत आणि इंग्रजीत. कागद महाग म्हणून पाटीवर गणिते करणारा आणि कोपराने पाटी पुसणारा कुंभकोणमचा तो मुलगा परदेशातल्या मुलांना चित्रांतून भेटतो. आपण मात्र २०१२ पासून दरवर्षी २२ डिसेंबरला त्याच्या तसबिरीला हार घालतो, भाषण करतो आणि मुलांना घरी पाठवतो.

रामानुजन तरी दूरचे. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या घरचे आहेत. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत जन्म, आई आठव्या वर्षी गेली, वडील कारकून आणि ज्योतिषाची आवड असलेले. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, १९२९ साली पदवी. पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. विद्यापीठाचे पद नाही, मार्गदर्शक नाही. मिळेल त्या वेळात संख्यांशी खेळणे, आणि जे सापडेल ते छोट्या पुस्तिकांतून स्वतःच छापणे. अनेक विद्वानांनी ते काम क्षुल्लक मानले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि सत्तरीत असलेल्या या शाळामास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते गेले.

त्यांचा शोध तरी कोणता? चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ७५१२ घेतली तर ७५२१ उणे १२५७ म्हणजे ६२६४. मग ६६४२ उणे २४६६ म्हणजे ४१७६. मग ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघालात तरी फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही तिथेच पोहोचता. जगभरचे गणितज्ञ या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात. ती पडताळायला लागते ती फक्त हातच्याची वजाबाकी. तीच, जी आपल्या तिसरीतल्या दोन-तृतीयांश मुलांना येत नाही.

हे आम्हाला सर्वांत जास्त बोचते. ज्या वजाबाकीवर मुले अडतात, त्याच वजाबाकीतून आपल्याच मातीतल्या एका शिक्षकाने जगाला चकित केले. वर्गातल्या चाळीस मुलांना चाळीस वेगवेगळ्या संख्या देऊन सगळ्यांना ६१७४ वर आणून सोडता येते. मुले तेव्हा कंटाळा न करता सात-सात वजाबाक्या करतील, कारण प्रत्येकाला आपली संख्या तिथे पोहोचते का हे पाहायचे असेल. आणि ज्याचे उत्तर दुसरेच येईल, तो आपली चूक स्वतःच शोधायला बसेल. अशी गोष्ट हाताशी असताना आपण मुलांना 'खालील उदाहरणे सोडवा' म्हणतो.

मराठीत प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मंगला नारळीकर यांनी 'गणितगप्पा'सारखी पुस्तके मुलांसाठी लिहिली. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने आणि माधुरी पुरंदरे यांनी मराठी चित्रपुस्तक किती सुंदर होऊ शकते हे दाखवून दिले. पण ज्याला अजून अक्षरे लागलेली नाहीत, ज्याला आजीच्या मांडीवर बसून चित्रे पाहायची आहेत, त्याच्यासाठी गणितज्ञांची चरित्रे शोधायला निघालात तर हात बहुधा रिकामेच परत येतात. मिळतात ती थोर शास्त्रज्ञांच्या मालिकेतली बारीक टाइपाची, जन्म-मृत्यूच्या सनावळ्यांची आणि एखाद्या ठोकळेबाज रेखाचित्राची पुस्तके. ती वाचण्याच्या वयात मूल येते, तोवर गणिताविषयीचे त्याचे मत बनून गेलेले असते.

घाईने वाईट पुस्तके काढण्याचाही धोका आहे. गणितज्ञ म्हणजे जन्मजात अलौकिक पुरुष, त्याला देवीने स्वप्नात येऊन सूत्रे सांगितली, अशी चरित्रे मुलाला एकच गोष्ट शिकवतात: हे आपले काम नाही. त्यातून भीती कमी होण्याऐवजी वाढेल. भास्कराचार्यांचेच पाहा. लग्नघटिका मोजणाऱ्या घंगाळातल्या वाटीत मोती पडला, मुहूर्त टळला आणि दुःखी लीलावतीसाठी पित्याने ग्रंथ लिहिला, ही कथा चित्राला फार सोयीची. पण ती आपल्याला भेटते ती १५८७ च्या फैजीच्या फारसी अनुवादात, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ती दंतकथा म्हणून सांगावी, चरित्र म्हणून नव्हे. त्यापेक्षा खुद्द 'लीलावती'तले भुंगे, हंस, हत्ती आणि सापावर झेपावणारा मोर घ्या. ११५० साली गणितच चित्रांतून मांडले गेले आहे. आणि चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, हे सांगणारा १२०७ चा शिलालेख आजही आहे. त्याच्यापुढे मुलांना उभे करा.

चित्रपुस्तक वाचून वजाबाकी येत नाही, हे आम्ही जाणतो. त्याला सराव लागतो, आणि वर्गात पुरेसे शिक्षक लागतात. पण सराव करावासा वाटणे ही आधीची पायरी आहे आणि ती घरातही बांधता येते. शिकागो परिसरातल्या पहिलीच्या ५८७ मुलांवरचा एक अभ्यास २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. आईवडिलांनी रात्री मुलांबरोबर गणिताच्या छोट्या गोष्टी वाचल्या, तर मुलांचे गणित सुधारले. सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांच्या आईवडिलांनाच गणिताची धास्ती होती त्या मुलांना. 'मला गणित कधी जमलं नाही' असे मुलांसमोर सांगणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. ते वाक्य आजपासून घरात बंद व्हायला हवे, मुलींच्या समोर तर नक्कीच.

'निपुण भारत' योजनेने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली आहे. त्या योजनेतून तक्ते आणि कृतिपत्रिकांवर खर्च होतो, त्यातला थोडा भाग अशा पुस्तकांकडे वळवणे शासनाला अशक्य नाही. बालभारतीकडे चित्रकार आहेत, छापखान्याची व्यवस्था आहे आणि राज्यातल्या प्रत्येक शाळेपर्यंत जाणारी वाट आहे. तिने कापरेकरांपासून सुरुवात करावी. मोठी चित्रे, पानावर चार ओळी, आणि शेवटी मुलाने स्वतः करून पाहायची ती वजाबाकी. मग भास्कराचार्य, रामानुजन, सोफी जर्मेन. प्रत्येक अंगणवाडीत आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत या पुस्तकांच्या प्रती असाव्यात. कपाटात कुलूपबंद नव्हे, मुलांच्या हाताला लागतील अशा. खाजगी प्रकाशकांनी शासनाची वाट पाहू नये. शिक्षकांनी तर पुस्तकाचीही वाट पाहू नये: उद्या सकाळी फळ्यावर एक चार अंकी संख्या लिहावी आणि देवळालीच्या मास्तरांची गोष्ट सांगायला सुरुवात करावी.