इथेनॉलचा भाव आणि ग्राहकाचा हिशेब

प्रवरानगर येथे १९५० मध्ये उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने ऊस पिकविणाऱ्याला कारखान्याचे मालक केले. आज याच अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊस इथेनॉलच्या रूपाने पेट्रोलच्या टाकीत पोहोचतो. साखरेचे भाव पडले तरी शेतकऱ्याचे देणे भागावे, म्हणून इथेनॉल हवेच. प्रश्न आहे तो ग्राहकाला मिळणाऱ्या न्यायाचा.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून अधिक; त्यामुळे त्यासाठीच घडविलेल्या शर्यतीच्या मोटारींना ते मानवते. परंतु लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. कारकुनाच्या जुन्या स्कूटरला गुणाचा लाभ नाही, उणीव मात्र पदरी पडते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या मोटारींची लिटरमागील धाव सहा-सात, तर दुचाकींची तीन-चार टक्के घटेल असे सांगितले. मिश्र इंधन स्वस्त असावे, असेही सुचविले. २०२५ मध्ये मिश्रण वीस टक्क्यांवर पोहोचले, स्वस्ताई मात्र आली नाही.

ब्राझीलमध्ये २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी आहेत. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल, असा हिशेब तेथील चालक पंपावरच करतो. आपल्याकडे तो करण्याची सोयच नाही.

ऊस उत्पादकाला रास्त दर मिळालाच पाहिजे. पण त्याचा भार ग्राहकावर नकळत पडू नये. इंधनाचा भाव त्यातील ऊर्जेनुसार ठरावा आणि जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोलही मिळावे. ही मागणी ऊसपट्ट्यातूनच उठावी. कारण ऊस पिकविणारा आणि स्कूटर चालविणारा येथे अनेकदा एकाच घरात नांदतात.