बरेली की ग्वाल्हेर?

गुहागरहून विजापूरला निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढून आमच्या पाटणला येतो, कराडला कृष्णा ओलांडतो आणि कडेगाव, विटा करत जतकडे जातो. एकाच रस्त्यावर पावसाची दोन टोकं आहेत. कोयनानगरला वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि विट्याच्या पुढे आटपाडीकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी माणसं म्हणतात, औंदा बरं झालं. पोटासाठी गाव मात्र दोन्हीकडच्यांना सोडावं लागलं. फरक पडला तो कुठे जायचं यात.

पाटण तालुक्याने मुंबई धरली. दुसरं काही कुणाच्या मनातच आलं नाही. गिरण्या, गोदी, मशीद बंदरची गोदामं, पुढे वाशीचा बाजार. ढेबेवाडी खोऱ्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी पाठीवर ओझी वाहणाऱ्यांची संघटना उभी केली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो याच वाटेने गेलेल्या माणसांमुळे. आजही आमच्याकडे एखादं पोर ‘बाहेर’ आहे म्हटलं की ते मुंबईत आहे असंच ऐकणारा धरून चालतो.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असं नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि आमच्याच सातारा जिल्ह्यातले माण-खटाव इथला गलाईवाला देशभर पांगला. सराफाकडे आलेले मोडीचे दागिने आटवायचे, त्यात चांदी मिसळून ते शोऱ्याच्या तेजाबात टाकायचे, चांदी विरघळली की खाली उरलेली तपकिरी भुकटी धुऊन, सवागी घालून पुन्हा मुशीत वितळवायची आणि शुद्ध सोनं सराफाच्या हातावर ठेवायचं, हा त्याचा धंदा. तेजाबात गेलेली चांदीसुद्धा तांब्याचे पत्रे सोडून तो परत काढतो. जिथे सराफ पेठ आहे तिथे हे काम आहे. म्हणून त्याला दिल्ली-मुंबईच लागते असं नाही. उत्तर प्रदेशातलं, बिहारमधलं, पंजाबातलं एखादं मधलं शहरही चालतं. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुंद झाली. लेंगऱ्याच्या किंवा भाळवणीच्या माणसाला उत्तरेतल्या गावांची नावं विचारा, तो तुम्हाला जिल्ह्यांसकट सांगेल.

या माणसांकडे मी यंदा नव्याने पाहू लागले, त्याला कारण माझी भाची. तिची बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली. पाटणमध्ये वाढलेली, कराडच्या कॉलेजात शिकलेली मुलगी. पहिली नेमणूक उत्तरेत हे ठरलेलं होतं. ग्वाल्हेर, बरेली आणि सहारनपूर, या तिन्हींना पसंतीचा क्रम देऊन तिने अर्ज आठवड्याच्या आत परत पाठवायचा होता.

घरात कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या भागात पलटणीतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यांना विचारलं. बरेलीला जाट रेजिमेंटचं केंद्र आहे, तिथे राहून आलेले एक काका भेटले. त्यांनी प्रेमाने सगळं सांगितलं. पण सांगितलं ते छावणीचं. शहर त्यांनी रविवारच्या सुट्टीत पाहिलेलं. एका शिक्षकांनी शहरांची लोकसंख्या काढून दिली. भावोजींनी नकाशावर अंतरं मोजली. सगळी मदत मनापासूनची होती. तरी एवढ्यावर एका पंचवीस वर्षांच्या मुलीने पुढची दोन-तीन वर्षं कुठे काढायची ते ठरवायचं, हे माझ्या मनाला पटेना.

सगळ्यांचा कल अर्थातच ग्वाल्हेरकडे होता. ते आपलं वाटतं, आणि वाटावं असंच आहे. शिंदे मूळचे कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. दौलतरावांची छावणी जिथे पडली तिथे वसलेल्या भागाला आजही लष्कर म्हणतात. १९६१चं मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने अध्यक्षपदी पहिल्यांदा एक स्त्री बसली. शिवाय गाडीची सोय. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे करत भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्र्यावरून निजामुद्दीनला जाते. साताऱ्यात बसायचं आणि साधारण एका दिवस-रात्रीत ग्वाल्हेरला उतरायचं, मध्ये गाडी बदलायची नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलीकडे जायचं तर ही लहान गोष्ट नाही. याच गाडीने बरेलीला जायचं तर दिल्लीत उतरून दुसरं स्टेशन गाठायला लागतं. सहारनपूरला मुंबईहून गोल्डन टेंपल मेल सरळ जाते. पण त्यासाठी आधी मुंबई गाठायची.

तरीही ‘तिथे आपली माणसं आहेत’ या एका वाक्यावर मी थांबायला तयार नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या घराण्यांची मराठी ऐकायला गोड वाटते; पण नव्या मुलीला खोली मिळवून द्यायला ती घराणी स्टेशनवर उभी नसतात. इतिहासाचा आधार मनाला होतो, मुक्कामाला होईलच असं नाही.

आपल्याच भागातला एक मोठा माणूस या निवडीतून गेला होता. विष्णु दिगंबर पलुसकर, जन्म १८७२चा, कुरुंदवाडचा. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. बुवांनी दक्षिणेत आणलेली गायकी ग्वाल्हेरची. म्हणजे नात्याने पाहिलं तर पलुसकरांचं आजोळच ग्वाल्हेर म्हणायला हवं. १८९६ साली ते मिरजेतून बाहेर पडले, उत्तरेकडची गावं करत गेले आणि अखेर मुक्काम ठोकला तो लाहोरला. १९०१च्या मे महिन्यात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते तिथे. घराण्याची पुण्याई जिथे आयती होती ते गाव त्यांनी धरलं नाही. आपलं काम जिथे उभं राहील ते धरलं. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मावशी, ते पुरुष होते. धर्मशाळेतही राहिले असते.’’ तिचं म्हणणं खरं होतं.

मग मी गलाईवाल्यांकडे वळले. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. पोरगा एकदम दुकान टाकत नाही. आधी भावकीतल्या किंवा पाहुण्यांच्या दुकानात काम शिकायला जातो. भट्टीजवळ काही वर्षं काढतो. भाषा येते, सराफांचे चेहरे ओळखीचे होतात, कोणाचा माल कसा असतो ते कळतं. मग शेजारच्या लहान शहरातल्या पेठेत कुणी गलाईवाला नाही, किंवा एकच आहे, असं दिसलं की तिकडे गाळा बघतो. सराफ त्याच्या हातात तोळ्यांनी सोनं देतो ते ओळखीवर आणि चोख वागणुकीवर. एकदा गेलेला शब्द परत मिळत नाही, म्हणून गाव निवडताना ही माणसं घाई करत नाहीत. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, तपासणीची यंत्रं आली, लहान गलाईवाल्याचं काम बदललं. आणि काहींनी पुन्हा एकदा गाव बदलण्याचा हिशेब मांडला. इकडे टेंभू उपसा योजनेतून उचललेलं कृष्णेचं पाणी माळरानापर्यंत पोचल्यावर काही जण गावी परतण्याचाही विचार करू लागले आहेत. गाव निवडणं हे त्यांच्यासाठी एकदाच करून संपणारं काम नाही.

पुरुषांनी मला पेठेची माहिती दिली. कोणत्या शहरात सराफी किती, व्यवहार कसा, पोलीस कसे, घरमालक कसे. सगळं उपयोगाचं, तरी माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. ते मिळालं एका वहिनींकडून. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या या जाऊबाई, माहेर-सासर दोन्ही खानापूर तालुक्यातलं, लग्न झाल्यापासून संसार बरेलीत. फोनवर मी विचारलं, शहर कसं आहे?

‘‘ताई, समदं शहर कोण बघतंय? गल्ली बघायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरगी सांजच्याला सातला बँकेतनं निघणार. त्या येळंला रस्त्याला बायामाणसं दिसत्यात का, रिक्षा मिळती का, घरमालकीण खाली राहती का, ह्ये आधी बघा. पगार काय, तिन्ही गावात तेवढाच.’’

मग त्यांनी पाऊण तास मला वर्षभराचं बरेली सांगितलं. डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, गाड्या तासन् तास उशिरा येतात, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि धुतलेले कपडे वाळत नाहीत. उत्तरेकडे तोंड असलेली खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आपल्याकडची वाकळ तिथे पुरत नाही, कापसाची जाड रजई तिथेच भरून घ्यावी. मे-जूनमध्ये लू सुटली की दुपारी बाहेर पडायचं नाही. म्हणून वरच्या मजल्याची, पत्र्याची खोली नको. घरमालक जात विचारतील, मांसाहार करता का विचारतील. पहिल्याच दिवशी खरं सांगून मोकळं व्हावं, लपवून घेतलेली खोली सहा महिन्यांत सोडावी लागते. ज्वारीचं पीठ गावाहून नेऊ नये, जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापता येत नाही. ज्वारी न्यावी. त्यांचा गिरणीवाला सुरुवातीला ज्वारी दळून द्यायला तयार नव्हता, आता स्वतः विचारतो की गावाहून आली का.

मी त्यांना ग्वाल्हेरच्या सरळ गाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडी वर्षातनं दोनदा लागते, दिवाळीला आणि जत्रेला. संध्याकाळ रोज येते.

इतकी नेमकी माहिती मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नव्हती. ती या बाईंकडे होती, कारण शहर त्यांनी चालवलं होतं: पाणी भरून, दवाखाना शोधून, मुलाला परक्या भाषेच्या शाळेत घालून, आजारपणात शेजारणीला हाक मारून. आणि ही माहिती त्यांना आजवर कुणी विचारलीच नव्हती. त्यांच्या पिढीत गाव नवऱ्याने ठरवलं. त्या मागून गेल्या. पेठ कशी आहे हे सांगणारे पुरुष प्रत्येक गावात भेटतात आणि पुढच्या पोराला वाट दाखवतात. घर कसं लागेल हे जाणणाऱ्या बायका मात्र तेवढ्याच अनुभवाच्या असून त्यांना कुणी वाट विचारत नाही. आता मुली स्वतःच्या नोकरीवर, एकट्या, त्याच शहरांकडे निघाल्या आहेत. आज सगळ्यांत जास्त गरज आहे ती या माहितीची, असं माझं ठाम मत आहे.

सहारनपूरला आमच्या ओळखीचं कुणी निघालं नाही. लाकडावरच्या नक्षीकामासाठी ते नावाजलेलं शहर आहे, ते वाईट असेल असं मुळीच नाही. पण तिथली गल्ली आम्हाला कुणी सांगितली नाही, म्हणून ते तिसरं गेलं. ग्वाल्हेर दुसरं. भाचीने पहिला क्रमांक बरेलीला दिला. वहिनींच्या पलीकडच्या घरात एका निवृत्त शिक्षिकेकडे खोली रिकामी होणार होती आणि तिथून तिची शाखा रिक्षाने जवळ. माझ्या बहिणीला हे पटायला दोन दिवस लागले. सरळ गाडी सोडून लांबचं गाव कशाला, हा तिचा सवाल चुकीचा नव्हता. आईला स्टेशन दिसतं. मुलीला त्या गावात रोज राहायचं आहे. मला मुलीचा निर्णय बरोबर वाटतो आणि मी तो बहिणीसमोर तसाच मांडला.

बरेलीशी आपलं नातं अगदीच नाही असंही नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. तिथल्या इज्जतनगरमधली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था मुळात १८८९ साली पुण्यात सुरू झाली. सांसर्गिक रोगांच्या जंतूंवरचं काम वस्तीपासून दूर, थंड जागी व्हावं म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली आणि पुढे बरेलीजवळ विस्तारली. पण हे मी भाचीला सांगितलं ते निव्वळ कौतुकापोटी. पुण्याहून गेलेली संस्था तिला रात्री दार उघडणार नाही. शेजारच्या वहिनी उघडतील.

पाटण, कराड, कोरेगावकडच्या मुली बँकेत, रेल्वेत, टपाल खात्यात, केंद्राच्या कार्यालयांत यापुढे मोठ्या संख्येने जातील. प्रत्येकीसमोर असाच एक अर्ज येईल, आणि प्रत्येकीच्या मैत्रिणीला बरेलीत जाऊबाई असतीलच असं नाही. म्हणून माझी विनंती विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, माण आणि खटावच्या त्या सगळ्या भगिनींना आहे, ज्यांनी मेरठ, मुरादाबाद, गोरखपूर, लुधियाना, मुझफ्फरपूर किंवा असंच एखादं शहर वर्षानुवर्षं घर म्हणून चालवलं. सुट्टीला गावी आलात की दोन पानं लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. गल्ली कोणती बरी, हिवाळा कसा काढायचा, बाईडॉक्टर कुठे भेटते, संध्याकाळी सातनंतर रस्ता कसा असतो, घरमालक काय विचारतात. शुद्धलेखनाची काळजी करू नका, बोलता तसं लिहा. तुमचं नाव छापायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं होईल. आलेली पत्रं शहरवार लावून ठेवण्याचं काम मी करीन, आणि ज्या मुलीला लागतील तिला ती पाटणला येऊन किंवा फोनवर विचारता येतील.